झर्णाचं सन्मानचिन्ह

मंगळवारी साहेब लोक लाँचने आमच्या बेटावर, चर कमलडांग्याला, आले आणि झर्णाचा सत्कार करून गेले. तिचं नाव मीच पाठवलं होतं, म्हणून पहिला गुन्हेगार मी. वीस वर्षांची पोर. वादळाचा इशारा आला की दारोदार फिरून माणसांना निवाऱ्यात आणायचं काम चार वर्षं करते, तेही फुकट. तिचं कौतुक व्हावं असं मला मनापासून वाटत होतं. त्याच अर्जात मी हातातल्या भोंग्याचे सेल, दोन टॉर्च आणि पोरीसाठी एक रेनकोटही मागितला होता. साहेब हसून म्हणाले, "इद्रिस मास्तर, आज सन्मानाचा दिवस. मागण्यांचं नंतर बघू."

सत्कार म्हटला की आमच्याकडे वादळाची रंगीत तालीम आलीच. निवाऱ्यावर तीन लाल बावटे चढवले. तीन बावटे म्हणजे घरदार टाकून पळा. जोहरा नानीच्या कपाळाला अळता फासून तिला जखमी केलं, पोरांनी झोळीतून नेलं, साहेबांनी व्हिडिओ काढला. निवाऱ्यात पोचेल त्याला बिर्याणीचं पाकीट होतं, त्यामुळे अख्खं गाव पोचलं. भाषणं भोंग्यावरूनच झाली, चांगली दीड तास.

झर्णाची आई रहीमन. नवऱ्याला समुद्राने नेलं, अक्षरओळख नाही, जवळचं असं ही एक पोर. तिने ते काचेचं सन्मानचिन्ह फळीवर मांडलं आणि येईल-जाईल त्याला दाखवलं. मला तर तीनदा वाचायला लावलं. "मास्तर, नाव कुठं आहे हिचं? बोट ठेवा ना." मी ठेवलं.

शुक्रवारी दुपारी खरे तीन बावटे चढले. तालुक्याहून फोन होता, संध्याकाळच्या आत सगळी घरं रिकामी करा. वीज सकाळपासून गेलेली, त्यामुळे मशिदीचा कर्णा मुका. भोंगा उचलला तर त्यातून खरखरसुद्धा येईना. भाषणांनी सेल खाल्ले होते, आणि तसले सेल आमच्या दुकानात मिळत नाहीत. झर्णा घसा फाडत पुढे धावली, मी माझे गुडघे सांभाळत मागे.

आभाळ निरभ्र, वारा पार पडलेला. हापशावर बायकांचा घोळका.

"काय गं झर्णा, परत बक्षीस का?"

"आज कोंबडीची का गाईची तेवढं सांग. मंगळवारी आमच्या वाट्याला नुसती हाडं आली."

जोहरा नानी म्हणाली, "मला आता जखमी करू नका बायांनो. तो अळता अजून निघतोय."

"नानी, खरं वादळ आहे. अल्लाची शपथ!"

"मंगळवारी पण तू असंच रडवेलं तोंड केलं होतंस. छान करतेस हो."

"अगं, मी सांगतोय ना," मी ओरडलो.

"तेव्हाही तुम्हीच सांगत होता, मास्तर."

बेटावर दोनशे माणसं, आणि एकही जागचं हलेना. झर्णा तडक घरात गेली आणि फळीवरचं सन्मानचिन्ह घेऊन आली. मागून रहीमन, "अगं, पडेल ना ते!" झर्णाने ते दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं आणि हापशाच्या कट्ट्यावर आपटलं.

"नाटक असतं तर हे फोडलं असतं का मी? सांगा ना, फोडलं असतं का?"

कुणी हसलं नाही. रहीमनने तोंडावर पदर दाबला. जोहरा नानीने भरलेली कळशी तिथेच सोडली आणि नातवाला कडेवर घेतलं. मग एकेक बाई निघाली. झर्णा हातात काचेचा तुकडा घेऊन पुढच्या वस्तीवर पळाली. तो बघून माणसं उठत होती.

उन्हं कलली, असरची नमाज होते न होते तोच वारा सुटला, आणि पाठोपाठ पाणी. निवाऱ्यात मी माणसं मोजली. एक कमी.

"नानी, रहीमन कुठंय?"

"माझ्या मागंच होती की. म्हणाली, तुकडे गोळा करून येते, कुणाकडून तरी चिकटवून घेईन. पोरीचं नाव आहे म्हणाली त्यावर."

झर्णाने ऐकलं आणि ती जिन्याकडे धावली. पाणी चौथ्या पायरीवर आलं होतं. पाणी जिन्याला लागलं की स्वयंसेवकाने खाली उतरायचं नाही, हा नियम तिला मीच शिकवला होता. मी तिला कमरेला धरलं. ती माझ्या हाताला चावली, तोंडाला येईल ते बोलली, मग तिने हात जोडले. "चाचा, सोडा हो. माझ्याशिवाय कुणी नाही तिला." मी सोडलं नाही. बरोबर केलं की चूक, ते मला आजही कळत नाही.

तिसऱ्या दिवशी रहीमन बांधावरच्या झुडपात सापडली. पदराची गाठ ओली, नखांनी सुटेना. आत काचेचे तुकडे होते. कोरा एकही नव्हता, प्रत्येकावर काहीतरी लिहिलेलं. वाचता न येणाऱ्या बाईने नेमके तेवढेच वेचले होते.

महिन्याने साहेबांचा फोन आला. झर्णाने दोनशे जीव वाचवले म्हणून आता राजधानीत मोठा सत्कार ठरलाय, आणि त्याआधी बेटावर एक रंगीत तालीम हवी. मी फोन तिच्या हातात दिला. तिचा घसा अजून बसलेलाच होता.

"साहेब," ती म्हणाली, "येताना भोंग्याचे सेल आणा."

पलीकडून साहेब विचारत होते, सन्मानचिन्हावर नाव कसं लिहायचं.