उबदार काच

थंडीत आमच्या वेल्डिंगच्या शेडमध्ये श्वासानेच मुखवट्याची काच धुरकटते. मग माझा लेक मुखवटा वर सारून, डोळे मिटून टाका मारायचा. त्याच्या बापाने याच सवयीपायी डोळे घालवले. सांगून सांगून माझी जीभ झिजली. आज सुनेने सरळ मशीनच बंद केलं.

"अगं, एवढासा तर टाका!" तो खेकसला.

"डोळे मिटायला उशीर झाला तर? आंधळा नवरा सांभाळायला मला वेळ नाही."

तिने शालीखाली ऊब देऊन आणलेला दुसरा मुखवटा त्याच्या डोक्यावर चढवला. गरम काचेवर वाफ धरेना. लेक गुमान कामाला लागला.

मी कुणाचं उगाच कौतुक करत नाही. पण चहाचा पहिला कप सुनेच्या हातात दिला.

"माझ्या लेकाचे डोळे राखलेस, बाई."

"आई, बरं वाटतंय ना तुम्हाला?"

"वाटतंय. पी मुकाट्याने."