पत्राची मागची बाजू

दप्तरखान्यात तिला सगळे डॉक्टरीणबाई म्हणत. फाटलेले, कुरतडलेले, बुरशी धरलेले कागद तिच्या टेबलावर यायचे आणि धडधाकट होऊन परत जायचे. "आमचे पेशंट कण्हत नाहीत, एवढंच सुख," असं ती हसून म्हणायची.

युद्धाला पन्नास वर्षं होणार म्हणून प्रदर्शन भरणार होतं. त्यासाठी सरसेनापतींचं एक पत्र तिच्याकडे आलं. त्यांच्या हाताखालच्या अधिकाऱ्याच्या नातवाने ते दिलं होतं. नदीवरचा पूल राखणाऱ्या तुकडीचं त्यात तोंडभरून कौतुक होतं आणि खाली निळ्या शाईत लफ्फेदार सही. कोणीतरी ते जाड पुठ्ठ्यावर चिकटवून टाकलं होतं.

पुलाचं नाव वाचून तिचा हात थांबला. तिचा बाप त्याच तुकडीत होता. ती चार महिन्यांची असताना तार आली होती: बेपत्ता. त्या एका शब्दावर आईने अख्खा जन्म काढला. शेजारीपाजारी म्हणायचे, पळाला असेल, सीमेपलीकडे दुसरा संसार थाटला असेल. लेकीला ते पटलं होतं. सोळाव्या वर्षी तिने आईला बजावलं होतं, "त्या पळपुट्याचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही."

पुठ्ठा सुटायला तीन दिवस लागले. ओलसर टीपकागद ठेवायचा, वाट बघायची, बोथट सुरीने केसभर सोडवायचं. तिसऱ्या दिवशी दुपारी कागद मोकळा झाला. मागे ताजा कलम होता.

"पलीकडच्या काठावर आपली बत्तीस माणसं आहेत. त्यांना मागे बोलावलं तर शत्रूला सुगावा लागेल. पहाटे पाचला पूल उडवावा. त्यांच्या घरी बेपत्ता एवढंच कळवावं." खाली पुन्हा तीच सही.

त्याच्याही खाली शिसपेन्सिलीने, दुसऱ्या अक्षरात: "पाचला काम झालं. पलीकडून आपल्या बंदुका साडेसहापर्यंत ऐकू येत होत्या."

ती कागद घेऊन संचालकांकडे गेली. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"पुढची बाजू लावू या, बाई."

"आणि मागची?"

"ती भिंतीकडे राहील. मागे कोण बघायला जातंय?"

"त्या बत्तिसांत माझे वडील होते, साहेब."

त्यांनी कागद तिच्याकडे सरकवला. "मला वर विचारावं लागेल." म्हणजे नाही, हे तिला कळलं. तिने मजकूर वहीत उतरवून घेतला आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

आई खिडकीशी बसून मटार सोलत होती. लेकीने वही उघडून सगळं वाचून दाखवलं. आईचे हात थांबले नाहीत. शेवटची ओळ झाल्यावर तिने विचारलं, "साडेसहापर्यंत?"

"हो."

"म्हणजे दीड तास." तिने एक शेंग उचलली आणि तशीच धरून ठेवली. "पूल गेलेला त्याला दिसला असणार गं."

लेक तिच्या पायाशी बसली. "आई, मी त्यांना काय काय बोलले. जन्मभर बोलले."

"बोललीस ते बरं केलंस."

"असं काय म्हणतेस?"

"तू पळपुटा म्हणायचीस ना, तेव्हा मला धीर यायचा. पळाला म्हणजे जिवंत आहे. कुठे का असेना, कुणाबरोबर का असेना, दोन वेळा जेवतोय. मी त्या दुसऱ्या बाईवर रागवायचेसुद्धा." आई किंचित हसली. "ती बाईपण गेली आता."

प्रदर्शन ठरल्या दिवशी भरलं. पत्राची पुढची बाजू काचेत लागली आणि लोकांनी सहीचे फोटो काढले. डॉक्टरीणबाई तिकडे फिरकली नाही. ती दप्तरखान्यातल्या जुन्या हजेरीपटांतून बाकीच्या एकतीस जणांचे पत्ते शोधत होती. बरीच घरं आता उरली नव्हती. पहिला पत्ता लागला तो गावाबाहेरच्या एका घड्याळजीचा. त्याचा थोरला भाऊ त्या तुकडीत होता.

"मी येते," आई म्हणाली. "तू कागद वाच. पण सांगायचं मी."

दार उघडलं ते पंचाहत्तरीच्या एका वाकलेल्या माणसाने. एका डोळ्याला घड्याळजीचं भिंग तसंच लावलेलं होतं. आईने आपण कोण, कुठल्या तुकडीतल्या माणसाची बायको, ते सांगितलं. त्याने भिंग काढलं. त्याचा सगळा चेहरा उजळला.

"सापडला का आमचा दादा?" त्याने विचारलं.

वाटेत दहादा घोकलेलं वाक्य आईला आठवेना. तिने नुसतेच त्याचे दोन्ही हात धरले आणि त्या उंबऱ्यातच, अनोळखी माणसासमोर, नवऱ्यासाठी पहिल्यांदा रडली.