दादाने दिलेलं उत्तर

सकाळी दिवा लावून जप पूर्ण होईपर्यंत मी कुणाशी बोलत नाही. बाबा पोटाच्या कॅन्सरने गेले तेव्हापासूनचं हे मौन. दादा चिडवतो, "धाकटीचा फोन अजून बंद आहे."

ज्या जंतूमुळे बाबांना तो कॅन्सर झाला, तोच माझ्याही पोटात निघाला. डॉक्टरबाईंनी अँटिबायोटिक लिहून दिली, पण वनस्पतींच्या औषधांवर संशोधन करणारा दादा म्हणाला, "थांब गं. आमच्या एका मुळीच्या अर्काने हा जंतू प्रयोगशाळेत, काचेच्या बशीत पटापट मरतो. आधी तो घे. सख्खा भाऊ आहे, विष थोडंच देणार?"

देवाचं नाव घेऊन मी अर्क घेऊ लागले. जळजळीसाठी ॲसिडिटीच्या गोळ्या चालूच होत्या. बंद करू नकोस, असं दादानेच बजावलं होतं.

मग जंतू गेला का ते पाहायला श्वासाची तपासणी आली. दादाने सकाळची पहिलीच वेळ घेतली. नळीत फुंकर मारायच्या आधी नर्सने विचारलं, "ॲसिडिटीच्या गोळ्या बंद आहेत ना?"

मी दादाकडे पाहिलं.

"बंद आहेत," तो म्हणाला. "तिचं मौन असतं, मलाच विचारा."

त्यामागे काही शास्त्र असेल, असं वाटून मी मान खाली घातली. तपासणीत जंतू दिसला नाही. वहिनीने मला मिठी मारली. दादा व्याख्यानांत माझं उदाहरण देऊ लागला.

जळजळ मात्र थांबेना. दुर्बीण घालून पाहिलं तर जंतू तिथेच, आणि पोटाचं अस्तर बदलू लागलेलं. अजून कॅन्सर नाही, पण वाट तीच. डॉक्टरबाई म्हणाल्या, "त्या गोळ्यांनी जंतू दबतो, श्वासात सापडत नाही. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

त्या संध्याकाळी मी दादाला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"एक चांगला निकाल हवा होता गं, काम अडलं होतं. आणि तू मान हलवू शकली असतीस की!"

"तू होतास म्हणून नाही हलवली."

वहिनी उठून आत गेली.

अँटिबायोटिक पूर्ण झाली. ॲसिडिटीच्या गोळ्याही डॉक्टरबाईंनी सांगितल्याप्रमाणे बंद केल्या. फेरतपासणीच्या सकाळी दादा गाडी घेऊन दारात हजर. "चल. तुझ्या वतीने बोलायला कुणीतरी हवं ना."

मी त्याच्या गाडीशेजारून पुढे निघाले, पायीच.

तीच खोली, तीच नर्स, तोच प्रश्न. जप व्हायचा होता. देवा, सांभाळून घे.

"बंद आहेत," मी म्हणाले. इतक्या सकाळचा माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"अय्या, तुम्ही बोलता?"

"आता बोलते," म्हणून मी नळी ओठांना लावली.