मधला दगड

आईच्या आणि काकूच्या घरांमधल्या हद्दीचं मागचं टोक गटाराच्या खोदकामात नाहीसं झालं, आणि ताईच्या धाकट्या भावाला एकदम हद्दीची काळजी लागली. त्याला मागच्या अंगाला भाड्यानं द्यायच्या खोल्या काढायच्या होत्या. ताई पेशानं मोजणीदार. बाहेरचा माणूस आणू या, असं ती म्हणाली, तर काकूच आडवी आली. "परका कशाला? तू मोजलंस तर मी डोळे मिटून सही करीन."

वाटणीच्या वेळी बाबांनी आणि काकांनी एक शहाणपण केलं होतं. हद्दीच्या बरोबर मध्यावर दोघांनी मिळून दगड पुरला होता. उद्या एखादं टोक गेलंच, तर मधल्याच्या मापांची दुप्पट करायची, त्यातून उरलेलं टोक वजा करायचं, की गेलेलं टोक हजर. आता दोघेही हयात नाहीत. त्यांचा एकमेकांवर विश्वास होता. तोच त्यांनी पोरांवरही टाकला, एवढंच चुकलं.

ताईनं यंत्र लावलं. रस्त्याकडचं टोक (२, ४), म्हणजे दोन आडवं, चार आत. मधला दगड (८, १६). आठ दुणे सोळा, वजा दोन, चौदा. सोळा दुणे बत्तीस, वजा चार, अठ्ठावीस. म्हणजे मागचं टोक (१४, २८), सगळं मीटरमध्ये.

आणि त्या टोकाशी काकूच्या स्वयंपाकघराची भिंत होती आडव्या मापात बारावर! काकांनी ती हद्दीला टेकवून बांधली, तेव्हा बाबा स्वतः दोरी धरून उभे होते. या हिशेबानं हद्द भिंतीच्या दोन मीटर आत, काकूच्या शेगडीखाली जात होती.

ताईनं पुन्हा मोजलं. आकडे हटेनात. मग ती दगडापाशी गेली आणि त्याला पाय लावून बघितलं, तर दगड म्हाताऱ्याच्या दातासारखा हलला. मीटरभर अलीकडे गवतात ताज्या मातीचा चौकोन दिसत होता.

"तू सरकवलास?" तिनं भावाला विचारलं.

"एकच मीटर गं. जिन्याला जागा नको का? काकूला काय कळतंय!"

"गाढवा, इथला एक मीटर तिकडे दोन होतो. मध्याची दुप्पट करतात. तिचं स्वयंपाकघर जातंय त्यात!"

भावानं मान खाली घातली. ताईला वाटलं, लाजला बिचारा. पण स्वारी हिशेब करत होती.

"दोन? अगं, मग मोटार पण बसेल की!"

ताईनं मग भीडभाड ठेवली नाही. आईला आणि काकूला अंगणात बोलावलं, दगड कुणी हलवला ते भावाच्या तोंडावर सांगितलं, माती दाखवली. भावानं कानावर हात ठेवले. सगळे आईकडे बघायला लागले. वाटणी झाल्यापासून त्या दगडाला वळसा घालून ती कपडे वाळत घालत आली होती.

"दगड पहिल्यापासून तिथंच आहे," आई म्हणाली. ताईकडे तिनं बघितलंसुद्धा नाही.

काकू आपल्या थोरल्या जावेकडे बघत राहिली. मग म्हणाली, "जाऊबाई, तुम्ही म्हणताय तर तिथंच असेल."

"काकू, खोटं आहे ते! बारावर आहे तुझी हद्द. मी लिहून देते."

"नको गं. काका गेल्यापासून माझ्याशी बोलायला तुझी आई एकटीच आहे. भिंत गेली तर गेली. बोलणं तुटलं तर या वयात मी कुणाचं दार वाजवू?"

ताईनं चौदावर हद्दीची खुंटी ठोकायला साफ नकार दिला. तिच्या नकाराला कोण विचारतो! भावानं दुसरा मोजणीदार आणला. त्यानं प्रामाणिकपणे तेच सूत्र लावलं आणि प्रामाणिकपणे तेच चौदा काढले.

स्वयंपाकघरातली फरशी फोडली. खुंटी सरळ धरायला माणूस हवा होता, तर काकूच खाली बसली आणि तिनं ती दोन्ही हातांनी धरली. ताई खिडकीतून बघत होती. संतापानं तिला रडूही येईना. मोजणीदारानं हातोडा उचलला, तेवढ्यात आई दारातून पुढे झाली.

"हात सांभाळ गं," ती मायेनं म्हणाली.