नवव्या प्रकरणातले सरपंच

नळ खोकला. एकदा, दोनदा, आणि मग रिकाम्या बादलीत त्यानं असा घसा खाकरला की माझ्या मांडीवर झोपलेल्या दिपानं डोळे उघडून थेट बातमी दिली, "पाणी आलं." पाच वर्षांचं लेकरू, पण नळाच्या बाबतीत तांड्यातल्या कुठल्याही बाईइतकं तयार. मी लॅपटॉप मिटला. पुन्हा लिहायला घेतलेलं वाक्य अर्धंच राहिलं: 'तत्कालीन सरपंचांनी गायरानावर'.

माझं अख्खं पुस्तक असंच लिहून झालंय. दिपाच्या झोपेत, भाताला शिटी होईपर्यंत, आणि एक प्रकरण तर जवळजवळ पूर्ण आखाडा बाळापूरच्या दवाखान्यात, तिच्या लसीच्या रांगेत. कयाधू नदीपासून पैनगंगेपर्यंतचा आमचा मुलूख आहे त्यात. निजामाचा अंमल, बैलांच्या पाठीवर मीठ नि धान्य लादून मुलूखभर फिरणारे आमचे लोक, निवडणुका, गवतं, पक्षी. आठ प्रकरणं नांदेडच्या प्रकाशकांना आवडली. नववं अडलं.

नववं आमच्याच तांड्याचं. तांड्यामागं गायरान होतं, गावाच्या जनावरांसाठी राखलेली सरकारी जमीन. कमरेएवढं गवत, बाभळी आणि काळविटांचा एक मोठा कळप. माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी एका सरपंचानं तिथं बेघर लोकांची घरं बसवली. गवत गेलं, बाभळी चुलीत गेल्या, आणि हरणं कुठं गेली ते कुणी पाहिलं नाही. पुढची निवडणूक मात्र सरपंचानं दणक्यात जिंकली. हे सगळं मतांसाठी झालं, असं मी सरळ लिहिलं होतं.

तो सरपंच म्हणजे उत्तमसिंग राठोड, माझे सासरे. आम्ही त्यांना बा म्हणतो. आणि मी हे जिथं बसून लिहिलं ते घरही त्याच गायरानात.

म्हणून मी त्यांचं नाव काढून टाकलं होतं. आज सकाळी प्रकाशकांचा फोन आला होता. माणूस फार गोड बोलतो, त्यामुळे नकारही उशिरा कळतो. पुस्तकात निजामाच्या तहसीलदारापासून डोंगरकडा गावच्या कोतवालापर्यंत सगळ्यांना नावं आहेत, म्हणाले, मग या एकट्या सरपंचालाच काहून नाही? नाव द्या, नाहीतर प्रकरण गाळू. उद्या छपाईला जातंय.

गाळायचं म्हणजे काय, हे मला बरोबर कळत होतं. दुसऱ्यांच्या आज्या-पणज्यांच्या भानगडी खुशाल लिहायच्या आणि आपल्या ओट्यापाशी आलं की गप्प बसायचं. तसलं पुस्तक मला नको होतं. आणि घरात अबोलाही नको होता. बाळापूरला खताच्या दुकानात असलेल्या नवऱ्याला, प्रेमदासला, फोन केला. दोन्हीकडून मरण माझंच, तू आणि बा बघून घ्या, एवढं बोलून त्यानं गिऱ्हाईक आल्याचं कारण सांगितलं.

पाणी भरून होतंय तोवर बा आले. हळद काढणीचे दिवस, त्यामुळे कोपरापर्यंत पिवळे. तांब्या वरून धरून पाणी प्यायले आणि विचारलं, उद्या पुस्तक चाललं म्हणे? मी हो म्हटलं. त्यावर अगदी साध्या आवाजात म्हणाले की मग तांड्याचं प्रकरण आज नसाबापुढं वाचावं लागेल.

नसाब म्हणजे आमच्या तांड्याची बैठक. भांडण असो, सोयरीक असो, तांड्याबद्दलचा शब्द बाहेर जाण्याआधी तांड्यानं ऐकायचा. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पुस्तक हा शब्द त्यात धरायचा असतो, एवढंच लक्षात आलं नव्हतं.

माझं तोंड बघून सासूबाई, म्हणजे आमच्या याडी, हसल्या. "वाच बिनधास्त," त्या म्हणाल्या. "ह्याच्याहून वाईट त्यांनी माझ्या तोंडून ऐकलंय, जेवता जेवता."

ऊन उतरलं तशी माणसं सेवालाल महाराजांच्या देवळापुढं जमली. शिजवलेली हळद वाळत घातली होती, तिच्या कडेकडेनं सगळे बसले. म्हाताऱ्या पुढं, पुरुष एका बाजूला, पोरं जागा मिळेल तिथं. दिपा माझ्या मांडीवर. बा समोर, टोपी नीट करून, फोटो काढून घ्यायला बसल्यासारखे.

मी प्रकरणाच्या छापून आणलेल्या कागदांवरून वाचायला लागले. गवतांची नावं आली तशा म्हाताऱ्या खूश झाल्या. माझ्या यादीत नसलेलं एक गवत त्यांनी सांगितलं, मग ते नेमकं कसं दिसायचं यावर त्यांच्यातच जुंपली. काळविटांच्या उड्यांचं वर्णन ऐकून पोरांनी उड्या मारून दाखवल्या. मग ते वाक्य आलं. 'तत्कालीन सरपंचांनी गायरानावर वस्ती बसवली, ती प्रामुख्याने मतांसाठी.'

मग प्रेमदासचा चुलतभाऊ सुदाम, ज्याला कुठंच गप्प बसवत नाही, बांकडे बघत बघत म्हणाला, "कोन असंल बरं ह्यो सरपंच? आपल्या वळखीचा तर न्हाई ना?"

माणसं तोंडं दाबून हसली. बा हसले नाहीत. मी पुढचं वाक्य शोधत राहिले. कागदावर होतं, पण दिसेना.

"नाव काहून न्हाई माझं?" बांनी विचारलं.

तुम्हाला वाईट वाटेल म्हणून, असं काहीतरी मी पुटपुटले.

"वाईट तर आता वाटून राहिलं. सातव्या प्रकरणात त्या चोरून दारू गाळणाराचं नाव हाये. बापाच्या नावासकट. तू घरात वाचलं तवा मी ऐकलंय. मी काय त्याच्याहून गेलो?"

"पण बा, मतांचं लिहिलंय मी."

"मग? मतांसाठीच केलं. बराबर लिहिलं. मतं मागितल्याबिगर घरं देनारा सरपंच कुठं पाहिला का तू? असंल तर त्याचंबी नाव घाल." मग थोडं थांबून, हळदीच्या ढिगाकडे बघत म्हणाले, "हरनांचं मातर मला तवा सुचलंच न्हाई. लेकरं पावसात भिजत होती, तेवढंच दिसत होतं. तेबी लिही. न्हाई सुचलं म्हून."

इतके आठवडे मी ज्या माणसाला माझ्याच पुस्तकापासून लपवत होते, तो माणूस पुस्तकात जागा मागत होता. सगळ्या चुकांसकट. मी पेन काढलं आणि 'तत्कालीन सरपंचांनी' यावर काट मारली.

बांचं तेवढ्यानं भागलं नाही. मी एक मोठी गोष्ट सोडलीय, म्हणाले. घरं त्यांनी एकट्यानं नव्हती बसवली. आधी नसाब बसला होता, इथंच, आणि तांड्यातल्या एकूणएकाला विचारलं होतं. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. सुदामच्या आईला तेव्हा ताप होता, तर तिला बाजेसकट उचलून आणलं होतं म्हणे. याडी ओल्या बाळंतीण होत्या, त्यांना दारातून हाक मारून विचारलं. त्या नको म्हणाल्या होत्या, तेही त्यांनी आता सगळ्यांना ऐकवलं आणि बांनी निमूट मान्य केलं. शेजारच्या गावच्या मकबूलभाईंच्या शेळ्या तिथं चरायच्या. त्यांनाही निरोप गेला होता, तेही येऊन बसले होते आणि चहा पिऊन, नाराज होऊन, पण हो म्हणून गेले होते.

हे खरंच मोठं होतं. मी तिथंच मांडीवरच्या कागदावर, दिपाच्या डोक्याला टेकवून लिहिलं आणि नसाबाला वाचून दाखवलं: 'सरपंच उत्तमसिंग राठोड यांनी निर्णयाआधी नसाब बोलावला. गायरानावर ज्यांचं ज्यांचं काही अवलंबून होतं, त्या प्रत्येकाला विचारण्यात आलं.'

बांनी दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्या वेळी स्वतःच्या नावाला त्यांनी हलकेच मान हलवली. सुदामसुद्धा बराबर म्हणाला. उद्या प्रकरण जाणार होतं, नावासकट. बायका पदर झटकत उठायला लागल्या.

दिपानं मान वर करून माझी हनुवटी धरली. तिला काही विचारायचं असलं की ती आधी माझं तोंड आपल्याकडे वळवून घेते.

"आई, हरणांना कुणी विचारलं?"