भात्यावरचा डावा हात

लातूर वेगळा जिल्हा झाला, त्या साली पाऊस रुसला होता. तरी उदगीरच्या मठातलं शिवकीर्तन चुकलं नाही. पेटीवर ताहेरभाई बसले होते. जन्म उदगीरचा, पण उमर मुंबईच्या बड्या हॉटेलांत पियानो वाजवण्यात गेलेली. बीबॉप म्हणून एक वेगवान जॅझ असतं म्हणे. ओळखीची चाल उचलायची आणि पळता पळता तिची नाना रूपं करायची. पुढं हॉटेलांनी टेपा लावल्या, बँड बंद पडले. गावी परतल्यावर ताहेरभाईंना वाजवायला जागा उरली ती एकच, आमचे कीर्तनकार गुरुपादप्पा बुवा, म्हणजे अप्पा, यांच्या शेजारची. मी मागं टाळ धरायचो.

"मियाँ, सूर तुटला न्हाई पाहिजे," अप्पांनी बजावलं होतं. "मी बोलत असलो तरी."

"हाव अप्पा."

पूर्वरंग संपला. बुवांना हार घालायला, विभूती लावायला माणसं उठली. तेवढा वेळ पेटीवाल्याचा. ताहेरभाईंनी नुकताच झालेला अभंग घेतला. उजवा हात चालीतून निसटला, गिरक्या घेत परत आला. आम्ही टाळकरी डोलायला लागलो. त्या भरात त्यांचा डावा हातही पट्ट्यांवर आला. पियानोची सवय! भात्याला हातच उरला नाही. सूर विरला आणि भर मठात शांतता पडली.

"पेटी मेली का काय?" कुणीतरी हसलं.

"आधीच पाणी न्हाई, त्यात ह्यो अपशकुन," कीर्तनांचा खर्च उचलणारे संगप्पा शेठ करवादले.

ताहेरभाईंचा चेहरा उतरला. अप्पा गळ्यातल्या हारासकट त्यांच्यासमोर बसले आणि स्वतः भाता मारू लागले. "वाजवा."

दोन्ही हातांनी वाजलेला तो अभंग! देवाचं नाव असं धावत येताना मी कधी ऐकलं नव्हतं.

पण उत्तररंगात अप्पांना कथा सापडेना. वाट हरवल्यागत ते थांबायचे. कीर्तन कसंबसं उरकलं.

"लई गोड वाजवलंत मियाँ," ते नंतर हळूच म्हणाले. "पण तेच कानात घुमत राहिलं, माझ्यानं पुढं बोलवंना. देवणीच्या कीर्तनाला यायचं तर डावा हात भात्यावरच. न्हाईतर..."

देवणीला सूर तुटला नाही. हार घालायच्या वेळीही पेटी एका सुरात सरळ चालली. "आता कसं शिस्तीत!" संगप्पा शेठ खूश झाले. मी ताहेरभाईंच्या डाव्या हाताकडं बघत होतो. तळवा भाता मारत होता आणि बोटं त्या लाकडावर मुकाट पळत होती.

अप्पाही तेच बघत होते. खाली वाकून म्हणाले, "मियाँ, थोडं वाजवा की."

ताहेरभाईंनी मान वर केली नाही.

"सूर तुटंल, अप्पा."