घरटी एक हात

वामनरावांनी माइक आपल्याकडे ओढला आणि समोरच्या ओळीत बसलेल्या मकरंदकडे बोट रोखलं.

"समजा, शंभरातल्या पस्तिसांनी तुम्हाला मत दिलं आणि तुम्ही निवडून आलात. उरलेल्या पासष्टांचं काय? ते मत द्यायला आलेच नव्हते असं समजायचं?"

टाळ्या पडल्या. लक्ष्मी ताल या तळ्याजवळच्या सभागृहात झाशीच्या मराठी मंडळाचा हा वाद दर गणेशोत्सवात रंगे. यंदा विषय होता देशाची मतदानपद्धत बदलण्याचा. ज्याला सर्वांत जास्त मतं तो जिंकला, हे असंच चालू द्यावं, की पक्षांना मतांच्या प्रमाणात जागा द्याव्यात? वामनराव कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. वर्गात या विषयावर पोरं जांभया देत. इथे निदान माना तरी डोलत होत्या.

मकरंद बिजौलीतल्या एका कारखान्यात मॅनेजर होता. त्याने मराठीत सुरुवात केली आणि दुसऱ्याच वाक्याला हिंदीवर आला, इथले सगळेच तरुण येतात तसा. त्याचं म्हणणं सरळ होतं. प्रमाणात जागा वाटल्या की पक्षांचं पेव फुटणार आणि सरकार कायम पडायच्या बेतात.

"सर, सबकी सुनने बैठेंगे तो काम कब होगा?"

लोक हसले. ते हसणं वामनरावांना झोंबलं. उत्तराला उठले तेव्हा त्यांचा आवाज चढला होता.

"काम नंतर. आधी माणूस मोजा. ज्याचं मत मोजलं जात नाही, तो हळूहळू मत बनवणंच सोडून देतो."

हे वाक्य त्यांना आयत्या वेळी सुचलं होतं आणि स्वतःलाच फार आवडलं. मंचावरून उतरून ते शारदाबाईंशेजारच्या खुर्चीत येऊन बसले, घाम पुसला, आणि बायकोकडे न बघताच तिने पुढे केलेली पाण्याची बाटली घेतली.

अध्यक्ष सुभाषचंद्रजी कौल घ्यायला उभे राहिले. मंडळाची रीत जुनी होती. वर्गणी घरटी, प्रसाद घरटी, तसा कौलही घरटी एक हात, आणि तो घरातल्या कर्त्या पुरुषाचा. या रीतीत खटकण्यासारखं काही आहे असं आजवर कोणाला वाटलं नव्हतं. वामनरावांना तर मुळीच नाही.

"पद्धत बदलावी म्हणणारे?"

वामनरावांनी हात वर केला. त्यांच्या शेजारून आणखी एक हात वर गेला, हिरव्या बांगड्यांचा. सुभाषचंद्रजी मोजता मोजता थांबले.

"वामनरावजी, आपके यहाँ से दो?"

सभागृहात खसखस पिकली. वामनरावांनी विचार असा केलाच नाही. डाव्या हाताने त्यांनी शारदाबाईंचं मनगट धरलं आणि त्यांचा हात खाली आणून त्यांच्याच मांडीवर ठेवला, लहान मुलाच्या हातातली वस्तू काढून जागेवर ठेवावी तसा.

"एकच धरा," ते म्हणाले.

मोजणी पुढे सरकली. त्यांचा उजवा हात अजून वरच होता आणि आता तो जड लागत होता. मकरंद वळून पाहत होता. तो हसत नव्हता. त्याने सभ्यपणे नजर काढून घेतली, तेव्हा मात्र वामनरावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

पद्धत बदलावी म्हणणारे थोडक्यात जिंकले. वामनरावांच्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. मकरंद पाया पडून म्हणाला, "बहुत अच्छा बोले, सर." त्या बोलण्यात कुठे खोच नव्हती, म्हणूनच ते सोसवेना.

परतताना ई-रिक्षात दोघं शेजारी बसली. ती रागावली असेल तर बरं, असं वामनरावांना वाटत होतं. रागावर काहीतरी उत्तर देता येतं. शारदाबाई शांतपणे रस्ता बघत होत्या. शेवटी वामनरावांनाच राहवेना.

"अगं, घरटी एकच हात असतो. तुला ठाऊक नाही का?"

"ठाऊक आहे की."

"मग?"

"तुमचं बोलणं पटलं. इतकी वर्षं घरात ऐकते, पण आज नीट कळलं. शिवाय जानकीकाकूंना सांगून बसले होते."

जानकीकाकू सभागृहात शारदाबाईंच्या पलीकडच्या खुर्चीत होत्या. काका गेल्यापासून त्यांच्या घरचा हात पुतण्या अजय वर करी. आज त्याने तो विरुद्ध बाजूला केला होता.

"काय सांगितलंस?"

"त्यांनाही तुमचं पटलं होतं. कानात विचारलं, अजय नको म्हणतोय, पण मी हात वर केला तर चालेल का गं? मी म्हटलं, चालेल, हे तेच तर सांगताहेत. आधी मी करते, मग तुम्ही करा."

"आणि त्यांनी?"

"त्यांनी अर्धा उचलला होता. माझा खाली आलेला पाहिला आणि पदराखाली घेतला."

हे सांगताना शारदाबाईंच्या आवाजात तक्रार नव्हती. वामनरावांना काहीतरी म्हणायचं होतं, माफीचं, निदान समजुतीचं. सगळा जन्म बोलण्यावर निघालेल्या माणसाला एक वाक्य जुळेना.

"बाबूजी, यहीं रोकूँ?" ई-रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं.

वामनरावांनी नुसती मान हलवली. तोंड उघडायची त्यांना लाज वाटली.